इंद्रायणी उलटी चढताना

पिंपरी-चिंचवडमध्ये पाहुणे आले की रविवारचा बेत ठरलेलाच असतो. सात-आठ जण बसतील अशी गाडी सांगायची आणि ‘कार्ला, देहू, आळंदी एका दिवसात’ उरकायचं. सोसायटीचा ज्येष्ठ नागरिक संघ असो, भिशीचा ग्रुप असो नाहीतर नागपूरहून आलेले व्याही असोत, यादी तीच. कुणी त्यात भाजे घालतं, कुणी चाकणचा किल्ला. कुणीतरी लोहगडाचा हट्ट धरतं आणि गाडीतले गुडघेदुखीवाले तो हाणून पाडतात.

आता या यादीकडे जरा निरखून बघा. दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी, तेराव्या शतकातली समाधी, सतराव्या शतकातला कवी, त्याच शतकातला एक भयंकर वेढा, आणि या सगळ्याच्या मधोमध मोटारींचे कारखाने. हे सगळं सकाळी निघून रात्री जेवायला घरी यावं एवढ्याशा टापूत आलं कसं? एखाददुसरं ठिकाण योगायोगानं जवळ येईल. सगळीच्या सगळी?

नकाशा काढा आणि इंद्रायणीवर बोट ठेवा. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात ती उगम पावते. कार्ला आणि भाजे तिच्या खोऱ्यात, समोरासमोरच्या डोंगरांत. पुढे तिच्या काठावर देहू, पुढे आळंदी, आणि तिच्या उत्तरेला थोडं हटून चाकण. या खोऱ्याच्या वरच्या टोकाला बोरघाट आहे, सह्याद्रीच्या भिंतीतली कोकणात उतरायची वाट. झालं की उत्तर! ही ठिकाणं एका दिवसात बसतात, कारण ती मुळात एकाच वाटेवर वसली आहेत. घाट आणि नदी यांनी मिळून रस्ता दिला. व्यापारी, भिक्खू, सरदार, आगगाडी आणि कंपन्या त्या रस्त्यामागोमाग आल्या.

गाडीवाला म्हणेल, आधी लांबचं कार्ला करू, मग येता येता देहू-आळंदी. त्याचं ऐकू नका. आळंदीपासून सुरुवात करा आणि नदीच्या उलट दिशेनं वर चढत जा. का, ते कार्ल्याला गेल्यावर कळेल.

निघताना पिंपरीतच एक ठिकाण लागतं, जे कुठल्याच सहलीच्या यादीत नसतं. एच. ए. कंपनी. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना केंद्र सरकारनं १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं काढला आणि पुढच्याच वर्षी इथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पेनिसिलिन म्हणजे तरी काय? एका बुरशीनं शेजारच्या जिवाणूंना मारायला सोडलेलं विष. ती बुरशी भल्यामोठ्या टाक्यांत साखर आणि हवा देऊन पोसायची आणि तिचं शस्त्र काढून घेऊन आपल्या रोग्याला टोचायचं! इथल्या शास्त्रज्ञांना पुढे मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीजन्य रोगांवरचं औषधही सापडलं, हॅमायसिन. त्या सूक्ष्मजीवाचं शास्त्रीय नाव आहे स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जगभरच्या सूक्ष्मजीवांच्या यादीत आपली पिंपरी अशी कायमची जाऊन बसली आहे आणि एच. ए. कॉलनीवरून रोज जाणाऱ्यांतल्या किती जणांना ते ठाऊक असेल, देव जाणे.

आळंदीला सकाळी लवकर पोचावं. ज्ञानेश्वरांनी इथं १२९६ मध्ये संजीवन समाधी घेतली. त्याआधी सहा वर्षं, नेवाशाला, नऊ हजारांच्या आसपास ओव्यांची ज्ञानेश्वरी सांगून झालेली होती. जन्माचं साल १२७५ धरलं तर तेव्हा त्यांचं वय येतं पंधरा. आपल्या घरातला दहावीचा मुलगा डोळ्यांसमोर आणा आणि मग हा आकडा पुन्हा वाचा.

दर्शनाची रांग मोठी असेल तर तेवढ्या वेळात गावातून एक चक्कर मारा. जोग महाराजांनी १९१७ मध्ये इथं वारकरी शिक्षण संस्था काढली आणि आज गल्लोगल्ली पखवाज घुमवणारी पोरं दिसतात. एखाद्या पोराची तयारी जवळून बघा. डाव्या पुडीवर तो कणकेचा ओला गोळा थापतो, बोटानं कडा सारख्या करतो, थाप मारून बघतो, चिमूटभर काढतो, पुन्हा थाप. कणीक जितकी जास्त, तितका आवाज खोल. वाजवून झालं की ती खरवडून टाकायची, उद्या नवी.

उजव्या पुडीची गंमत याहून मोठी आहे. नुसत्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर ते एकाच वेळी अनेक स्वरांत थरथरतं आणि त्या स्वरांचं आपसात जमत नाही. म्हणून ताशाचा कडकडाट होतो, त्यातून सूर निघत नाही. पण त्याच कातड्याच्या मधोमध शाईचा काळा थर चढवला की मधलं वजन वाढतं आणि ते बेशिस्त स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा ओळीत येऊन उभे राहतात. तारेचं गणित कातडं पाळू लागतं! आपल्या तालवाद्यांचं हे रहस्य सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं, नोबेल मिळण्याच्या दहा वर्षं आधी. शाई कुठं, किती आणि किती थरांनी लावायची हे ज्यांनी कानानं शोधून काढलं, त्यांची नावं मात्र कुठंच लिहिलेली नाहीत. हे वाद्य लक्षात ठेवा, दुपारी भाज्याला पुन्हा गाठ पडेल.

घाटावर उतरलात तर इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना दिसेल. तो साबणाचा, सांडपाण्याचा आणि कारखान्यांचा आहे. पाहुण्यांसमोर लाज वाटते, पण लपवण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही.

आता चाकण. तळेगाव चौकात गाडी अडकतेच. अडकू द्या, कारण हा चौक म्हणजेच चाकणचा सगळा इतिहास आहे. एक रस्ता पुण्याहून जुन्नर-नाशिककडे जातो, दुसरा घाटाकडून येऊन पूर्वेला शिक्रापूर, नगरकडे. दोन मोठ्या वाटा जिथं एकमेकींना छेदतात तिथं कुणीतरी बाजार भरवतो आणि कुणीतरी किल्ला बांधतो. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार अजून गाजतोय. किल्ला बाजारपेठेला खेटून आहे, संग्रामदुर्ग.

हा भुईकोट. डोंगर नाही, कडा नाही. सपाट जमिनीवर तट, बुरूज आणि भोवती खंदक. जून १६६० मध्ये शाहिस्तेखान वीस हजारांहून मोठी फौज घेऊन या तटाला भिडला. आत फिरंगोजी नरसाळा आणि जेमतेम तीन-साडेतीनशे माणसं. हिशेब केला तर दुपारच्या जेवणाआधी संपायला हवं होतं. वेढा चालला जवळजवळ दोन महिने!

कसा? खंदकानं फौजेला तटापर्यंत येऊ दिलं नाही, आणि वर मावळचा पावसाळा. चिखल आणि भिजणारी दारू. शेवटी मोगलांनी जमिनीखालून भुयार खणत एका बुरुजापर्यंत नेलं, त्यात सुरुंगाची दारू ठासली आणि बुरूज आकाशात उडवला. त्यानंतरही आतले लोक खिंडारात उभे राहून लढले आणि मगच किल्ला गेला. एका भुईकोटाला एवढी माणसं आणि एवढा वेळ लागतो, तर डोंगरी किल्ल्यांना किती लागेल? खानानं तो हिशेब मनातल्या मनात केला असणार. पुढे तो पुण्यात लाल महालात मुक्काम ठोकून बसला आणि एप्रिल १६६३ मध्ये तिथं त्याचं काय झालं ते शाळेतल्या पोराला विचारा. संग्रामदुर्गाचे आज थोडे बुरूज, तटाचे तुकडे आणि खंदकाची खूण एवढंच उरलंय. दहा मिनिटांत बघून होतो, म्हणून गाडीवाले टाळतात. टाळू देऊ नका.

त्याच दोन वाटांनी कंपन्या इथं आणल्या. बजाज १९९९ मध्ये, मर्सिडीज आणि फोक्सवॅगन २००९ मध्ये, पाठोपाठ महिंद्रा. पिंपरी-चिंचवड भरून वाहू लागलं आणि कारखाने नदी ओलांडून उत्तरेला आले. मोटारीत हजारो सुटे भाग असतात आणि ते बनवणारे शेकडो. मोटार कारखान्यांची रीत अशी की सीटसारखी मोठी वस्तू गोदामात साठवून ठेवत नाहीत. लाईनवर पुढे कुठली गाडी येणार आहे, लाल की पांढरी, भारीतली की साधी, ते पुरवठादाराला आधी कळतं आणि ट्रकमध्ये सीटा त्याच क्रमानं रचून येतात. काढायची, बसवायची, पुढची काढायची. मधला एक ट्रक चौकात अडकला तर? ‘लाईन थांबली’ हे चाकणमधलं सगळ्यात भीतिदायक वाक्य आहे. या चौकातल्या कोंडीला शिव्या देताना आपल्या शेजारचा टेम्पो कुणाची तरी लाईन चालू ठेवायला धडपडतोय, हे ध्यानात असू द्या. इथं जुळलेल्या मोटारी मुंबई बंदरातून मेक्सिकोपर्यंत गेल्या आहेत. बंदराकडे जायची त्यांची वाट कुठली? घाटाचीच.

चाकणहून देहूकडे जाताना सुदुंबरं लागतं. इथं संताजी जगनाडे यांची समाधी आहे. संताजी चाकणचे, धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे. इंद्रायणीत बुडवलेली गाथा तेरा दिवसांनी तरली, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. श्रद्धेनं मानणारे मानतात. ज्यांना ते जमत नाही त्यांनी सुदुंबऱ्यात क्षणभर थांबावं. कागद बुडेल, पण ज्या ओळी गावोगावच्या तोंडात आहेत आणि चाकणच्या तेल्याच्या वहीत आहेत, त्या कोणत्या डोहात बुडवणार? आज देहूच्या गाथा मंदिरात हजारो अभंग भिंतींवर दगडात कोरलेले आहेत. आता मात्र बुडवायची सोयच राहिली नाही.

देहूहून वर भंडारा डोंगर दिसतो. तुकोबा एकांतासाठी तिथं जात, नाहीतर चाकणच्या बाजूच्या भामचंद्रावर. या दोन्ही डोंगरांत कोरीव गुहा आहेत आणि त्या तुकोबांच्या कितीतरी शतकं आधी बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेल्या. म्हणजे एकांताला जागा कुठली बरी, याबद्दल दोघांचं मत एकच पडलं! वाटेवरच्या गावापासून भिक्षेला जाता येईल इतकी जवळ आणि वाटेवरचा गलबला ऐकू येणार नाही इतकी वर. गंमत पुढेच आहे. खाली देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्वतःच्या हातानं बसवली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जवळपास दोन वर्षं अवकाश होता. या खोऱ्यातून गेलेला बुद्ध अशा रीतीनं याच खोऱ्यात परत आला.

तळेगावला थांबायला वेळ नसतो, तरी एक गोष्ट सांगतो, कारण कार्ल्याला ती उपयोगी पडेल. १९०८ मध्ये इथं काच कारखाना निघाला. भांडवल कुणाचं? अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार फिरून माणशी एकेक पैसा मागितला होता. लोकमान्यांचा त्यांना पाठिंबा होता. नावच पैसा फंड. एका पैशात काय येतं? काही नाही. पण लाखो पैशांत भट्टी येते.

आता मळवली. रेल्वे स्टेशनावर उभं राहिलं तर दक्षिणेच्या डोंगरात भाजे, उत्तरेच्या डोंगरात कार्ला, आणि मधून लोकल, जुना हायवे, एक्स्प्रेस वे सगळे शेजारी शेजारी धावताहेत. डोंगरांकडे बघा. आडव्या पट्ट्या दिसतात ना? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर चढत गेले. सह्याद्री म्हणजे काळ्या दगडाचा चिरोटा आहे. काही थर भुसभुशीत, काही एकसंध आणि पोलादासारखे घट्ट. लेणी कोरणाऱ्यांनी नेमका तो घट्ट थर निवडला. भूगर्भशास्त्र हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी.

भाजे हे थोरलं, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं. इथल्या चैत्याचे खांब बघा, ते सरळ नाहीत, आत कललेले आहेत. का? लाकडी सभागृहात छताचा भार बाहेर ढकलू नये म्हणून खांब कलते लावतात. दगडाला त्याची काडीइतकी गरज नाही. पण कारागीर सुतारांच्या घराण्यातले, हात सवयीनं कलते खांबच कोरत गेला. छताला अर्धगोल लाकडी कमानीही आहेत आणि त्यांतल्या लाकडावर ब्राह्मी अक्षरं सापडली आहेत. दोन हजार वर्षांचं लाकूड, आणि वाचता येतंय! एका विहारात एक बाई नाचते आहे आणि दुसरी शेजारी बसून दोन हातांनी तबल्यासारखी जोडवाद्यं वाजवते आहे. सकाळचा आळंदीचा पोरगा आठवला?

वेळ कमी असेल तर भाजे सोडा, पण कार्ल्याला चारच्या आत वर पोचा. तीनशेच्या वर पायऱ्या आहेत. एकविरा आईच्या दर्शनाला आलेले कोळी, आगरी वाजतगाजत चढत असतात, त्यांच्या तालावर पाय आपोआप पडतात. आणि पाचच्या सुमाराला लेणं बंद होतं.

आता उलट्या प्रवासाचं कारण. कार्ल्याचा चैत्य पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी आत गेलात तर गडद अंधार. दुपार कलली की दारावरच्या पिंपळपानी खिडकीतून ऊन आत शिरतं, खांबांच्या रांगांमधून सरकत जातं आणि मागच्या स्तूपाला उजळतं. ज्यांनी हे आखलं त्यांनी डोंगराच्या पोटात हातभरही शिरण्याआधी सूर्य कुठून येणार ते ठरवलेलं होतं.

सभागृह साधारण ३८ मीटर लांब, १४ मीटर रुंद, १४ मीटर उंच. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार खांब, स्तूपामागे सात साधे, एकूण ३७. इथं खांब ‘उभारलेला’ एकही नाही. बाकीचा डोंगर काढून टाकला, उरले ते खांब. काम सुरू झालं वरून, छतापासून. आधी कमान कोरून पूर्ण करायची, मग पायाखालचा दगड फोडत खाली खाली यायचं. परांची लागत नाही, कारण डोंगर हीच परांची. पण एक छिन्नी वाकडी बसली तर? काढलेला दगड परत लावता येत नाही. खांबांच्या डोक्यावरचे हत्ती आणि त्यांवरचे स्वार दगडात आधी दिसले असतील तरच ते बाहेर येतात. बाहेर काढलेला दगड ढोबळ हिशेबानंही दहा हजार टनांहून कमी भरणार नाही. चाकणच्या भाषेत, दहा टनी ट्रकच्या हजार खेपा, आणि सगळा छिन्नी-हातोड्यानं फोडलेला. छताच्या लाकडी कमानी इथंही मूळच्या आहेत, सागवानी. त्या काहीही पेलत नाहीत. लाकडाशिवाय सभागृह म्हणजे डोळ्याला ओकंबोकं वाटलं असतं, म्हणून बसवल्या.

आणि खर्च कुणाचा? खांबांजवळ जा, त्यांवर नावं आहेत. हा खांब धेनुकाकटच्या एका यवनाचा, तो सोपाऱ्याहून आलेल्याचा, दाराचं काम त्याच धेनुकाकटच्या गंध विकणाऱ्याचं. धेनुकाकट नक्की कुठं, यावर विद्वानांची अजून भांडणं आहेत. कर्नाटकातल्या वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या बनवासीच्या, भूतपाल शेठजींनी तर लेख कोरून ठेवलाय की जंबुद्वीपात याहून उत्तम शैलगृह नाही. जाहिरातीचा सूर ओळखीचा वाटतो, पण दावा खोडून काढणंही अवघड. एका राजाच्या खजिन्यातून न येता बंदरावरच्या, बाजारातल्या माणसांकडून एकेका खांबाचे पैसे आले. तळेगावचा पैसा फंड या खोऱ्याला नवा नव्हता.

भिंतीवर सरकारी कागदही आहेत! क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं इथल्या भिक्खूंना पावसाळ्याच्या मुक्कामासाठी एक गाव दिलं. पुढे सातवाहन राजांनी क्षत्रपांची सत्ता उखडली आणि गावाचा हुकूम नव्यानं काढला, ‘मामाळ’च्या अधिकाऱ्याच्या नावानं. आपलं मावळ ते हेच, असं अभ्यासक मानतात. सरकार बदललं की जमिनीचे कागद पुन्हा करून घ्यायचे, ही मावळातली रीत अठराशे-एकोणीसशे वर्षं जुनी निघाली.

पायऱ्या उतरून अंधार पडायच्या आत लोणावळ्याला जाता आलं तर वळवणच्या धरणावर नजर टाका. इथं पडणाऱ्या पावसाची फाळणी होते. टाटांनी अडवलेलं पाणी पश्चिमेला वळतं, पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला कोसळून जनित्रं फिरवतं (१९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली ती याच धारेची) आणि पाताळगंगेतून अरबी समुद्राला मिळतं. सांडव्यावरून सुटलेलं पाणी इंद्रायणीतून देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेत जातं, उजनीत थांबतं, पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेतं, आणि पुढे कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात. देहू-आळंदीहून पालख्या निघतात त्याच सुमाराला हे पाणीही पंढरीची वाट धरतं. पालख्या आषाढी गाठतात. पाण्याचं मात्र उजनीच्या दरवाजांवर अवलंबून.